तिथे आपली ओळख आहे

आमच्या लोकांना कुठेही सरळ दारातून आत जायला कमीपणा वाटतो. सरळ दारातून काय, कोणीही जातं. आपण जायचं ते ओळखीने. कॉन्सुलेटमध्ये काम असलं की तिथे कोण आपला आहे ते बघायचं, मुलीच्या नाचाच्या अरंगेत्रमला देवळाचा हॉल हवा असला की कमिटीतलं कुणीतरी गाठायचं, गाडी घ्यायची झाली तर डीलरकडे कामाला असलेला कुणाचा तरी मेहुणा शोधून काढायचा. त्या मेहुण्यामुळे आजवर कुणाचं भलं झाल्याचं ऐकिवात नाही, पण त्याच्याकडून गाडी घेतली की माणूस लढाई जिंकल्यासारखा घरी येतो. सात समुद्र ओलांडून आलो, इथले नागरिक झालो, मतं देतो, तरी रांग दिसली की आमचा हात आपोआप फोनकडे जातो.

मी नागपूरची, हे पुण्याचे. लग्नानंतर इतकी वर्षं आमचं पोळीच्या जाडीपासून मुलीच्या नावापर्यंत कशावरही एकमत झालं नाही. मी इथल्या सरकारी हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झाले. अमेरिकन पोरांना बीजगणित शिकवलेल्या बाईवर कुणाच्या बोलण्याची सहसा छाप पडत नाही. हे पूल बांधणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होते. पुलाच्या एकेका बोल्टचा हिशेब मागणारा हा माणूस स्वतःच्या तब्येतीच्या बाबतीत मात्र कुणाच्या तरी शब्दावर डोळे मिटून चालायचा, आणि तो शब्द ओळखीच्या माणसाचा असला म्हणजे झालं.

अल्फारेटा या आमच्या गावात घरापासून जरा पुढे दुकानांची एक रांग आहे. तिथे गाद्यांचं दुकान आणि कुत्र्यांचे केस कापायचं दुकान यांच्या मधोमध काही वर्षांपूर्वी एक नवीन इमारत झाली आणि तिच्यावर लाल अक्षरांत 'इमर्जन्सी' लागलं. कुठल्याही हॉस्पिटलला जोडलेलं नसलेलं, एकटंच उभं असलेलं इमर्जन्सी डिपार्टमेंट. आता या देशात अशी पुष्कळ झाली आहेत. आत एक डॉक्टर, दोन-तीन नर्सेस, थोड्या खाटा, रक्त तपासायची सोय, एक्स-रे, सीटी स्कॅन. ऑपरेशन थिएटर नाही, सर्जन नाही, हृदयाचा डॉक्टर नाही, रात्रभर ठेवून घ्यायला वॉर्ड नाही. ताप, हात मोडणं, बोट कापणं, उलट्या-जुलाब यांना ती जागा चांगली आहे, ते मी नाकारत नाही. नातवाची हनुवटी फुटली तेव्हा तिथे फार सुरेख टाके घातले होते. पण याच्या पलीकडचं काही झालं, तर तिथले लोक तेच करतात जे तुम्हाला घरून करता आलं असतं. ते ॲम्ब्युलन्स बोलावतात.

या ठिकाणाचा मेडिकल डायरेक्टर आमच्या मराठी मंडळातला. पन्नाशीचा, हसतमुख, मंडळाच्या नाटकात दरवर्षी इन्स्पेक्टरचं काम करणारा. भेटला की वाकून नमस्कार करायचा, आम्हाला काका-काकू म्हणायचा. उद्घाटनाला त्याने अख्खं मंडळ बोलावलं होतं. लोक हातात लाडवाच्या प्लेटा घेऊन वास्तुशांतीला आल्यासारखे फिरत होते. गॅसची शेकोटी बघत होते, कॉफीचं मशीन बघत होते, रिक्लायनरवर बसून बघत होते. "वेटिंग अजिबात नाही," असं जो तो एकमेकांना सांगत होता. मी त्या डायरेक्टरला विचारलं की इथे कुणाला ताबडतोब ऑपरेशन लागलं तर काय करणार. तो हसून म्हणाला, काकू अजून टीचरच आहेत, आणि मग ट्रान्सफर वगैरे काहीतरी बोलून दुसऱ्या पाहुण्याकडे वळला. गाडीत बसल्यावर हे माझ्यावर उखडले. शुभकार्यात असलं विचारतात का, म्हणे. मी म्हटलं, बडा घर पोकळ वासा. त्यावर घरी येईपर्यंत अबोला.

तर कोजागिरीचा शनिवार. मंडळाची मालमत्ता कुठल्या ऑफिसात नसते, ती सभासदांच्या गराजमध्ये असते. आमच्या गराजमध्ये मंडळाची घडीची टेबलं, दुधाची दोन मोठी पातेली आणि नाटकाचा एक दरवाजा, असा ऐवज होता. आमच्या गाड्या त्यामुळे कायम बाहेर उन्हात. सत्तरी उलटलेले आमचे हे सकाळी एकटेच टेबलं व्हॅनमध्ये चढवत होते. मदतीला तरुण मंडळी येणार होती, पण ती 'ऑन द वे' होती. मंडळाची तरुण मंडळी ही कायम ऑन द वे असते आणि जेवणाच्या वेळेला बरोबर पोचते.

मी बाहेर गेले तेव्हा हे पातेल्यावर बसले होते. चेहरा घामाने डबडबलेला, एक हात जबड्यावर. म्हणाले, पित्त झालंय, कालचे साबुदाणावडे बाधले. आमच्याकडे सगळ्याचं मूळ पित्त. डोकं दुखलं, पित्त. चक्कर आली, पित्त. माझे सासरे हातात पेपर धरून खुर्चीत गेले, तेव्हाही शेजारच्यांनी पित्ताचंच निदान केलं होतं. मी वाद घातला नाही. आत जाऊन फोन आणला आणि नऊ, एक, एक लावून ॲम्ब्युलन्स बोलावते म्हणून सांगितलं.

यांनी माझ्या हातून फोन काढून घेतला. दुखणाऱ्या माणसाच्या हाताला एवढा जोर कुठून आला कोण जाणे. सगळी सबडिव्हिजन, अख्खी वसाहत, बाहेर येऊन बघत बसेल, म्हणाले. ॲम्ब्युलन्स म्हणजे लोकांकडे येते ती, आपल्याकडे नाही. आणि मग मला अपेक्षित होतं ते वाक्य आलं.

"थांब, तिथे आपली ओळख आहे."

ओळख गोल्फच्या मैदानावर होती. स्पीकरवर त्याचा उत्साही आवाज आला. "काका, डोन्ट वरी. सरळ आमच्याकडे जा. मी फोन करून ठेवतो, वेटिंग-बिटिंग काही नाही. मी येतोच." कुठे दुखतंय, केव्हापासून, घाम आहे का, यातलं त्याने काही विचारलं नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हे. यांच्या चेहऱ्यावर मात्र दुखणं अर्धं कमी झाल्यासारखं समाधान पसरलं.

मी गाडी काढायला गेले तर हे आधीच ड्रायव्हरच्या सीटवर. माझं ड्रायव्हिंग यांच्या जिवाला घोर लावतं, असं यांचं म्हणणं. ज्या जिवाचं खरंच काही तरी चाललं होतं तो एका हाताने छाती दाबत होता आणि दुसऱ्याने स्टिअरिंग फिरवत होता. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मोठ्या सिग्नलला डावीकडे पाइनच्या झाडांच्या वर हॉस्पिटलची उंच इमारत दिसते. खरं हॉस्पिटल, माणसांचं हृदय उघडणारं, आमच्या घरापासून दहा मिनिटांच्या आतलं. मी बोटाने दाखवलं, ओरडले. यांनी उजवीकडचा इंडिकेटर दिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

तिथे गेल्यावर आमचं स्वागत झालं. हो, स्वागतच. रिसेप्शनवरच्या मुलीला फोन आलेला होता. डॉक्टरांचे अंकल आलेत म्हणून तिने उभं राहून हसून दार धरलं. नर्सच्या टेबलासमोर दोन खोल्या रिकाम्या दिसत होत्या, पण आम्हाला नेलं ते कॉरिडॉरच्या शेवटच्या खोलीत. ती सगळ्यांत मोठी, तिला खिडकी, भिंतीवर समुद्राचं चित्र. डॉक्टरांनी तीच द्यायला सांगितली होती, आणि काका लाजाळू आहेत तेव्हा दार बंद ठेवा, हेही सांगितलं होतं. हे माझ्याकडे बघून भुवया उडवत होते. बघ म्हटलं नव्हतं मी, असा भाव. मी त्या मधल्या अंतराकडे बघत होते. परीक्षेला कॉपी करणारी पोरं नेहमी शेवटचा बाक मागतात, कारण तिथे बाईंची नजर पोचत नाही. इथे बक्षीस म्हणून शेवटचा बाक मिळाला होता.

ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर होती. केस घट्ट बांधलेले, बोलणं मोजकं. तिने आल्या आल्या छातीला वायरी लावून हृदयाचा आलेख काढला. थोडा बदल दिसतोय, पण नक्की सांगता येत नाही, परत काढू, रक्त तपासू, असं म्हणाली. ॲस्पिरिन चघळायला दिली. यांना तिने दुखणं शून्य ते दहामध्ये किती, असं विचारलं. हे म्हणाले, दोन. घामाने उशी भिजली होती आणि म्हणे दोन. चारचौघांत, त्यातून परक्या बाईसमोर, दुखतं म्हणायचं नाही ही आमची सभ्यता. मी म्हटलं, नऊ लिहा. तिने माझ्याकडे बघितलं, यांच्याकडे बघितलं, आणि काय लिहिलं ते मला माहीत नाही, पण त्यानंतर ती दर थोड्या वेळाने आत येत राहिली.

रक्ताचा रिपोर्ट आला तशी ती खुर्ची ओढून बसली. मला ती आवडली, कारण ती उभ्याने बोलली नाही. हृदयाला मार बसतोय, तिने सांगितलं. रक्तवाहिनी बंद झाली असावी आणि ती उघडायला हवी. ते करणारं इथे कोणी नाही, तसं टेबलही नाही. जवळच्या हॉस्पिटलमध्ये आहे, मी त्यांच्याशी बोलते आणि यांना लगेच पाठवते. एवढं सरळ, एवढं स्वच्छ. अशी वाक्यं बोलणारी पोरगी माझ्या वर्गात असती तर मी तिला पुढच्या बाकावर बसवलं असतं.

एवढ्यात तिचा फोन वाजला. ती बाहेर गेली. परत आली तेव्हा चेहऱ्यावरचा सरळपणा गेला होता. डायरेक्टर रस्त्यात आहेत, म्हणाली. त्यांची इच्छा आहे की तुम्हाला शहराच्या पलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये न्यावं, तिथे त्यांच्या ओळखीचे फार नावाजलेले कार्डिऑलॉजिस्ट आहेत, ते स्वतः बघतील. तिथे खाट मिळवायचं आणि तिथली ॲम्ब्युलन्स मागवायचं काम चाललं आहे. म्हणजे आता ओळखीची ओळख. यांचा चेहरा खुलला. छातीत कळा येत असताना या माणसाला आपल्याला मोठ्या माणसाकडे नेणार म्हणून आनंद झाला होता, आणि तो आनंद बघून मला माझ्या नवऱ्याची जेवढी चीड आली तेवढी आयुष्यात कधी आली नसेल.

मी तिला विचारलं, जवळचं हॉस्पिटल किती लांब. दहा मिनिटंही नाही. आणि ते दुसरं? शनिवार आहे, फुटबॉलची मॅच आहे, रस्ते तुंबलेले, तासभर तरी. मग मी तिला एकच प्रश्न विचारला. तो फोन आला नसता तर तुम्ही काय केलं असतं?

तिने एकदा दाराकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, "तर एव्हाना ते इथून निघालेले असते."

एवढं झाल्यावर प्रश्न उरतो कुठे? पण उरला, कारण रोगी शुद्धीवर होता आणि या देशात शुद्धीवरच्या रोग्याचं ऐकावं लागतं. ती पोरगी यांच्याजवळ गेली, सगळं पुन्हा सांगितलं, माझं मत जवळच्या हॉस्पिटलचं आहे असं स्पष्ट म्हणाली. हे तिच्याशी फार गोड बोलले. थँक यू म्हणाले. आणि म्हणाले, डॉक्टरसाहेबांनी एवढं केलंय माझ्यासाठी, आता त्यांना नाही म्हणणं बरं दिसणार नाही. बरं दिसणार नाही! इकडे जीव चालला होता आणि या गृहस्थांना दिसण्याची पडली होती. मी मराठीत जे बोलले त्यातला शब्दही तिला कळला नसेल, पण ती नजर खाली घालून उभी राहिली.

मी जर्सी सिटीला मुलीला फोन लावला, की हिचं तरी ऐकतील. तिला आधी समजेना की इमर्जन्सीत असून आम्ही हॉस्पिटलमध्ये का नाही. "आई, सो इट्स नॉट अ हॉस्पिटल? देन व्हाय आर यू देअर?" मी फोन यांच्या कानाला लावला. हे तिला म्हणाले, काळजी करू नकोस, आपला माणूस येतोय. तिकडून ती इंग्रजीत रडत-ओरडत होती आणि हे फोनवर थोपटल्यासारखं हं हं करत होते.

आपला माणूस आला. गोल्फचा शर्ट, हातात गाडीची किल्ली. आल्या आल्या त्याने माझे पाय धरले, "काकू, टेन्शन नका घेऊ, सगळं अरेंज केलंय." यांच्या खांद्यावर हात ठेवून सेल्फी काढला आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकला. फोटोखाली ओळ, काका एकदम स्टेबल, आणि पुढे जोडलेल्या हातांचं चित्र. भराभर अंगठे यायला लागले. हे त्याला विचारत होते की टेबलं हॉलवर पोचली का. कॉरिडॉरमध्ये नर्स दुसऱ्या हॉस्पिटलशी फोनवर झगडत होती, कारण तिथे खाट मिळत नव्हती. ज्या नर्सने समोरच्या पडद्यावर यांचं हृदय बघत बसायचं, ती आमच्या वशिल्याची खाट शोधत होती.

मी त्याला सरळ सांगितलं, की तू यांना आत्ताच्या आत्ता जवळच्या हॉस्पिटलमध्ये पाठव. त्याने समजूत घातल्यासारखा आवाज काढला. "काकू, तिथे कोण बघेल सांगता येत नाही. माझा माणूस टॉप आहे. काकांसाठी बेस्ट नको का?" आणि आपल्या टॉप माणसाचा फोटो यांना दाखवायला त्याने फोन पुढे धरला. हे वा म्हणायला गेले. तोंड उघडलं आणि शब्द आलाच नाही. डोळे वर फिरले, मान कलंडली, हात खाटेवरून खाली लोंबला.

यंत्र ओरडायला लागलं, पण दार बंद होतं. लाजाळू काकांचं दार. डायरेक्टर फोन हातात धरून हाका मारत उभा राहिला, काका, काका. मी दार उघडून कॉरिडॉरमध्ये धावले आणि वर्गात आग लागल्यावर ओरडावं तशी ओरडले. ती तरुण डॉक्टर कुठून तरी पळत आली, मला बाजूला ढकललं, डायरेक्टरलाही ढकललं, तिच्या मागून नर्स यंत्र घेऊन. यांच्या छातीवर दाब, मग झटका, मग पुन्हा दाब. दुसऱ्या झटक्याला हृदय परत आलं. मी भिंतीवरच्या समुद्राकडे बघत उभी होते.

मग कोणी कुणाची इच्छा विचारली नाही. तिने स्वतः ॲम्ब्युलन्स बोलावली. जी ॲम्ब्युलन्स सकाळी माझ्या दारात आली असती, सबडिव्हिजनच्या देखत, तीच भोंगा वाजवत इमर्जन्सीच्या दारात आली आणि यांना घेऊन पाइनच्या झाडांवर दिसणाऱ्या त्या इमारतीत गेली. तिथे यांना ओळखणारं कोणीही नव्हतं. कुणी काका म्हटलं नाही, कुणी खिडकीची खोली दिली नाही. दारातून थेट टेबलावर नेलं आणि वाहिनी उघडली.

वाचले. पण तिथल्या डॉक्टरने बाहेर येऊन स्वतःची मूठ माझ्यासमोर धरली आणि दुसऱ्या हाताने तिचा मोठा भाग झाकला. एवढं हृदय आता काम करणार नाही, म्हणाला. लवकर आले असते तर? मी विचारलं. त्याने खांदे उडवले नाहीत, खोटंही बोलला नाही. हो, म्हणाला, फरक पडला असता.

यानंतरच्या गोष्टीची मला जास्त चीड येते. झाल्या प्रकाराची यांनी एक वेगळीच कथा केली आणि ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागले. ओळख होती म्हणून वाचलो. डॉक्टर स्वतः खेळ सोडून धावत आले, उशाशी उभे होते, जिथल्या तिथे झटका दिला. ओळख नसती तर गेलोच होतो. झटका देणाऱ्या त्या पोरीचा या कथेत पत्ता नव्हता, कारण ती ओळखीची नव्हती. मी मधे बोलायला लागले की लोक मला शांत करायचे. काकू फार घाबरल्या होत्या, असं एकमेकांना सांगायचे. आणि निघताना हळूच विचारायचे, त्या डॉक्टरचा डायरेक्ट नंबर आहे का हो? मी नऊ, एक, एक सांगायचे. त्यांना तो विनोद वाटायचा.

दिवाळीच्या कार्यक्रमात मंडळाने डायरेक्टरचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. श्रीफळ यांच्याच हस्ते. दोन तरुणांनी यांना धरून स्टेजवर नेलं. ज्या माणसाने काही आठवड्यांपूर्वी टेबलं उचलली होती त्याला नारळ उचलताना धाप लागली, आणि सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. मी पहिल्या रांगेत होते. मी हात पदराखाली ठेवले.

घरी जेवणाच्या खोलीतलं टेबल काढून तिथे यांची खाट लावली, कारण जिना चढवत नव्हता. मोजे घालताना अर्ध्यात थांबून श्वास घ्यायचे. मी खाली बसून मोजे घालून द्यायचे तेव्हा मला यांच्यावर इतका राग यायचा की दात आवळायचे, आणि त्याच वेळी यांची सुजलेली पावलं बघून रडू यायचं. एकदा मी विचारलं, तुम्हाला खरंच वाटतं का हो, की त्याने वाचवलं? यांनी पाऊल मागे घेतलं. म्हणाले, माणसाने एवढा जीव लावला, त्याला दोष द्यायचा का आपण? माझ्याकडे याचं उत्तर होतं. पण त्या आवाजात इतका थकवा होता की मी ते बोलले नाही.

वसंत आला. पाइनची पिवळी पूड गाड्यांवर, खिडक्यांवर बसली. एका सकाळी हे खाटेवर बसून चहा पीत होते, कप खाली ठेवला आणि हात परत जबड्याकडे गेला. या वेळी पित्त म्हणाले नाहीत. मी फोन उचलला आणि नऊ, एक, एक दाबलं. यांनी माझा हात धरला. आता त्या हातात जोर नव्हता. "आधी त्याला विचार," म्हणाले. मी हात सोडवून घेतला आणि पत्ता सांगत राहिले.

ॲम्ब्युलन्स लवकर आली. सबडिव्हिजन बाहेर आली होती, बघत होती, बघू दे. त्यांनी सगळं बरोबर केलं, योग्य ठिकाणी नेलं, तिथेही सगळं झटपट झालं. पण जे हृदय चालवायचं ते उरलंच होतं कुठे. दुपारी यांचा हात थंड झाला. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्याशी लाखो वाक्यं बोलला असेल, आणि शेवटचं वाक्य त्या डायरेक्टरबद्दल होतं. हे मला अजून पचलेलं नाही, आणि पचावं असं मला वाटतही नाही.

जर्सी सिटीहून मुलगी आली. मंडळाचे लोक डबे घेऊन येऊ लागले. पोळ्या, वरण-भात, फोडणीची मिरची, सगळं रीतसर. एका संध्याकाळी दिवाणखाना भरलेला असताना तोही आला. आज पांढरा शर्ट. माझ्यासमोर जमिनीवर बसला, डोळे पुसले, ते अश्रू खोटे नव्हते. मग मान हलवून म्हणाला, "काकू, मला एक फोन करायचात हो."

खोलीतल्या सगळ्यांच्या माना डोलल्या. एक फोन करायला हवा होता, असं कुणीतरी मागून पुटपुटलंही. माझी मुलगी माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "मागच्या वेळी केला होता."